गार्सास बेटांचा पत्ता

नकाशे छापणाऱ्या त्या कार्यालयात तिला सगळे नावबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथून ते क्वचितच बाहेर पडे. तीस-बत्तीस वर्षं तिनं एकच काम केलं, नकाशावर नावं लावण्याचं. शाळेच्या नकाशावहीत नद्यांची, शहरांची, डोंगरांची नावं दिसतात ना, ती तिथे आपोआप उगवत नाहीत. आधी ती पातळ पारदर्शक फिल्मवर छापून यायची, पाठीला गोंद लावलेली. मग नावबाईनं ब्लेडनं एकेक नाव कापायचं, पात्याच्या टोकावर उचलायचं, मूळ तक्त्यावर नेमक्या जागी ठेवायचं आणि वरून पट्टीनं घासून पक्कं बसवायचं. एका तक्त्यावर चारशे-चारशे नावं. मध्येच शिंक आली तर राजधानी समुद्रात जायची.

"ह्यात काय मोठंसं?" असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरे. "बसा एकदा चार तास मान खाली घालून," ती म्हणे, "म्हणजे कळेल. नाव जरा इकडचं तिकडे झालं की पोरं नापास होतात, आणि शिव्या गुरुजी खातात." आणि ती उगीच तोरा मिरवत नव्हती बरं का. त्या वहीच्या चौदा आवृत्त्या निघाल्या, आणि शेवटच्या पानांवरची नावांची सूची, म्हणजे कुठलं ठिकाण कुठल्या देशात, कुठल्या पानावर, कुठल्या चौकोनात, तीही हिनंच केलेली.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती. एकेकाळी त्या लांबलचक खोलीत बारा टेबलं होती, त्यातलं हिचं एक उरलं. बाकीची माणसं निवृत्त झाली, काही वरच गेली. समोर खिडकीपाशी संगणक आला होता आणि त्यामागे चाळिशीतला एक मोजणीवाला बसे. त्याचं टोपणनाव दशांश. किती वाजले विचारलं तर "अकराला साडेतीन मिनिटं कमी" असं सांगणारा प्राणी. जुने तक्ते संगणकात चढवायचं काम त्याच्याकडे होतं. ते संपलं की नावबाईचं टेबलही उचलायचं, असं वरून ठरलं होतं. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे "पंखा वाढवू का?" आणि "नको."

आणि घरी तर तेवढंही नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खुर्च्या दोन, पण एकीवर कायम इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, कारण तिच्यावर बसायला येणार कोण? रेडिओ लावायची, आणि बातम्या देणाऱ्याला "बरं बरं, कळलं" असं उत्तर द्यायची. रविवार तिच्या अंगावर यायचा. रविवारी ती धुतलेली भांडी परत धुवायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात ना, साफ खोटं आहे. तिला झाली नव्हती. तिनं तो लपवायची सवय मात्र करून घेतली होती.

तिला एक भाऊ होता. अकरा वर्षांनी लहान. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ही एकोणीसची आणि तो आठाचा. हिनं मिळेल ती नोकरी धरली, त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, त्याच्या तापात रात्री जागवल्या, आणि ह्या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, दोन चांगली स्थळं हिनंच परतवली. "धाकट्याचं कोण बघेल?" हा एकच प्रश्न. तर तो धाकटा सव्विसाव्या वर्षी सुतारकाम शिकून एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, "ताई, मला जहाजावर काम मिळालंय." हिचा तोल गेला. नको ते बोलली. "तुझ्यापायी मी माझ्या आयुष्याची माती केली, आणि तू समुद्रावर भटकायला निघालास? जा! परत तोंड दाखवू नकोस." तो पिशवी उचलून गेला. दार लागल्यालागल्या हिला पश्चात्ताप झाला, पण जिना उतरून खाली जायला पाय वळले नाहीत. हट्टी घराणं, दुसरं काय.

दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. ते आजही तिच्या कपाटात होतं आणि तिला ते शब्दन् शब्द पाठ होतं. त्यानं जहाज सोडलं होतं. बेटांच्या एका लहानशा पुंजक्यावर बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये त्याला काम मिळालं होतं. तिथली एक मुलगी त्याला आवडली होती. "पण ताई," त्यानं लिहिलं होतं, "तू माझ्यापायी लग्नाशिवाय राहिलीस. तुझा होकार आल्याशिवाय मी बोहल्यावर उभा राहणार नाही. उत्तर आलं नाही तर समजेन की राग गेलेला नाही." खाली पत्ता: बोटदुरुस्तीची शेड, धक्क्याजवळ, इल्यास दास गार्सास. "हे पोर्तुगीज नाव आहे, बगळ्यांची बेटं. सरकारी नाव निराळं, गावकऱ्यांचं आणखी निराळं, पण बंदरावर सगळे हेच म्हणतात. बगळा मात्र अजून एक दिसलेला नाही. देशाचं नाव लिहीत नाही. तू नकाशेवाली, तुला काय पत्ता सांगायचा? शोध बघू!" पत्र जहाजावरच्या एका सोबत्याच्या हाती दिलं होतं. त्यानं ते वाटेतल्या कुठल्याशा मोठ्या बंदरात टाकलं, तेव्हा तिकिटावरून काही कळायला मार्ग नव्हता.

आणि मार्ग हवा कुणाला होता? ती वाचता वाचताच हसली. गार्सास! हे नाव तर तिनं स्वतः पाच वर्षांपूर्वी लावलेलं. त्या वेळच्या मोठ्या साहेबांना खलाशांची जुनी नावं फार आवडायची, त्यांच्या हट्टापायी ते वहीत आलं होतं. तिनं सूची उघडली. गार्सास, पान एकोणचाळीस, चौकोन अमुक, आणि पुढे देशाचं नाव. त्याच संध्याकाळी बसून तिनं उत्तर लिहिलं, होकार दिला, पाकिटावर पत्ता घातला, खाली सूचीतला देश ठळक अक्षरांत लिहिला आणि स्वतः टपाल कचेरीत जाऊन पत्र टाकून आली.

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी दुसरं टाकलं. मग तिसरं. अशी तीन वर्षांत अकरा. परतही एक आलं नाही. परत आलं असतं, पाकिटावर "असं ठिकाण नाही" असा शिक्का असता, तर ही काय तो अर्थ लावून मोकळी झाली असती. तसं काहीच घडलं नाही. बाराव्याला तिनं कागद घेतला, "चिरंजीव" एवढं लिहिलं आणि कागद टराटरा फाडला. होकार मिळाला, लग्न झालं, आता म्हातारी बहीण कशाला हवी? असू दे. सुखात राहा म्हणावं. आता तुम्ही विचाराल, बाईनं चौकशी का नाही केली? जहाजाच्या कंपनीत एकदा गेली होती, तर कंपनीच बंद, दाराला कुलूप. त्यापुढे ती गेली नाही. ज्याला आपण नकोत त्याला हुडकत फिरायचं नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं आणि सोळा वर्षं धरून ठेवलं.

परवाच्या मंगळवारी सकाळी दशांशनं खिडकीपासून हाक मारली. "बाई, जरा इकडे येता? एकोणचाळीसमध्ये एक भानगड आहे."

"माझ्या तक्त्यात भानगड नसते," ती उठता उठता म्हणाली.

पडद्यावर तिचा जुना तक्ता होता आणि त्याखाली उपग्रहानं काढलेलं समुद्राचं चित्र. ठिपक्यांचे दोन पुंजके, एक वर, एक खाली. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या पाण्यात तिचं नाव, जरासं वरच्या पुंजक्याकडे सरकलेलं.

"संगणकाला मधलंअधलं चालत नाही," दशांश म्हणाला. "नाव कुठल्यातरी एका ठिपक्याला बांधावं लागतं. हे नाव नक्की कुणाचं?"

"वरच्यांचं. एवढ्या लहान नकाशात दोघांना नाव द्यायला जागा कुठे? खालच्यांना दिलंच नाही. सूची बघा, देशसुद्धा लिहिलाय."

"सूची तुम्हीच केलीत ना?"

"मग? तुमच्या आजोबांनी केली?"

"कशावरून केलीत?"

"कशावरून म्हणजे? छापलेल्या नकाशावरून. नाव जिथे सुरू होतं तो चौकोन धरायचा, जवळची बेटं धरायची. तशीच करतात."

"आणि नकाशावर नाव कुणी लावलं?"

"मी."

"म्हणजे तुमच्या साक्षीदार तुम्हीच," दशांश म्हणाला. टोमणा मारायचा त्याचा हेतू नव्हता, बोलायची पद्धतच तशी. "खलाशांच्या मोठ्या नकाशात मला हे खालच्या बेटांवर दिसतंय. आणि खालची बेटं तर दुसऱ्याच देशाची आहेत."

"शक्यच नाही," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे स्वतः गेली. त्यात मूळ तक्ते होते, एकावर एक पसरून ठेवलेले. एकोणचाळीस नंबरचा तिनं टेबलावर आणला, दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं. खालच्या पुंजक्याच्या उजवीकडे, जिथे नियमानं बेटांचं नाव यायला हवं, तिथे मैल मोजायची पट्टी छापलेली होती. मोठ्या साहेबांनी ती छपाईच्या आदल्या दिवशी तिथे आणून बसवल्याचं तिला अंधुक आठवलं. आणि तक्त्याच्या कडेला, जो भाग छपाईत कापला जातो तिथे, निळ्या पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. अक्षर तिचंच. "गार्सास तात्पुरतं वर घेतलं. पट्टी हलली की खाली आणणे."

पट्टी हललीच नाही. ही विसरून गेली. मग महिन्याभरानं सूची करायला बसली तेव्हा तिनं स्वतःचाच नकाशा वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. चारशे नावांतलं एक नाव. ते लावलं तो दिवस कसा होता, पाऊस होता की ऊन, डबा खाल्ला होता की नाही, काही म्हणता काही तिला आठवेना. आठवलं असतं तर स्वतःला दोन शिव्या तरी घालता आल्या असत्या. ती खुर्चीवर बसली आणि त्या दोन ओळी बोटानं पुसायला लागली.

दशांश घाबरला. "अहो बाई, एवढं काय त्यात? चौदा आवृत्त्या गेल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका ओळीत दुरुस्त होतं. कुणाचं काय बिघडलं?"

"माझा भाऊ तिथे आहे," ती म्हणाली. "खालच्या बेटांवर. अकरा पत्रं टाकली मी त्याला. सगळी वरच्या बेटांच्या देशात गेली." आणि मग तीस वर्षांत त्या खोलीत कुणाला जे सांगितलं नव्हतं ते तिनं सगळं ह्या माणसाला सांगितलं, भांडणापासून बाराव्या फाडलेल्या कागदापर्यंत. मध्ये मध्ये नाक पुसत, मध्ये मध्ये स्वतःवर चिडत. दशांशनं एकदाही तिला तारीख किंवा आकडा विचारला नाही.

ती थांबली तेव्हा तो संगणकाकडे वळला. धक्का, बोटदुरुस्ती, बेटांचं सरकारी नाव. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पडद्यावर एका शेडचा फोटो आला, उलटी घातलेली बोट, आणि खाली दूरध्वनी क्रमांक. एवढंच होतं ते. दहा मिनिटांचं काम.

"तिथे आता सकाळचे नऊ वाजले असतील," तो म्हणाला. "साधारण." आणि त्यानं फोन तिच्यासमोर सरकवला.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एकदम लाकूड घासायच्या यंत्राचा घरघराट आला आणि एक जाडसर आवाज परक्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"धाकट्या," ती म्हणाली. "मी ताई."

यंत्राची घरघर चालू राहिली. तिला वाटलं फोन चुकला.

"ताई मला पत्र लिहीत नाही," तो आवाज म्हणाला, आपल्या भाषेत, एकेक शब्द शोधत.

"लिहिली रे. अकरा लिहिली."

"एकही आलं नाही."

"माहीत आहे. आत्ता, ह्या घटकेला कळलंय मला."

तो मग म्हणाला, "इथलं टपाल तसलंच आहे. महिना महिना बोट येत नाही. आली की पिशव्या भिजलेल्या. वाटेतच गेली असतील सगळी."

बघा, किती सोपं करून दिलं त्यानं. तिनं नुसतं "हो रे बाबा" म्हणायचं होतं. टपालखातं काय भांडायला येणार होतं? तिच्या ओठांवर ते आलंही होतं. दशांश खिडकीबाहेर बघत होता.

"टपालाचा काही दोष नाही," ती म्हणाली. "माझी चूक आहे. नकाशात तुझ्या बेटांचं नाव मीच दुसऱ्या बेटांपाशी लावलं होतं, आणि मग त्याच नकाशात बघून तुला पत्रं लिहीत बसले. देश चुकला, धाकट्या. मी चुकवला."

"तू? नकाशात?"

"हो."

तो हसला. हसणं लगेच तुटलं. "मी इथे सगळ्यांना सांगायचो, माझ्या बहिणीला पत्ता सांगावा लागत नाही. जग तिच्या टेबलावर असतं."

"बायको कशी आहे?" तिनं विचारलं.

"कुठली बायको?"

"अरे, ती पत्रातली..."

"तीन वर्षं थांबली ती. मी म्हणायचो, पुढच्या बोटीनं ताईचं पत्र येईल. दर बोटीला धक्क्यावर जायचो. मग तिनं दुसऱ्याशी लग्न केलं. बरोबरच केलं, तिनं तरी किती थांबायचं? दोन घरं सोडून राहते. तिची मुलगी आता माझ्या खांद्याला लागते." त्याचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं, ताई! मला वाटलं माझं तोंड बघायचं नाही तुला. आपली भाषा बोलायला इथे कुत्रं नाही. बोटींशी बोलतो मी, कळलं का? बोटींशी!"

"ओरड," ती रडत म्हणाली. "ओरड हवं तेवढं. पण तू तरी मेल्या दुसरं पत्र टाकायचंस!"

"लिहिलं होतं. टाकलं नाही. म्हटलं, राग असेल तर असू दे."

"माझ्याच वळणावर गेलास."

"मग कुणाच्या जाणार?"

तिकडे यंत्र घरघरत होतं, इकडे दशांशनं कधी उठून पंखा बंद केला होता ते तिला कळलं नाही.

"पहिल्या पत्रात काय लिहिलं होतंस?" त्यानं विचारलं.

"आता कशाला ते?"

"माझं पत्र आहे ते. सांग. थांब, यंत्र बंद करतो." पावलं लांब गेली, घरघर थांबली, पावलं जवळ आली. आता त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. "हं. वाच."

"कागद कुठाय माझ्याकडे? पाठ आहे."

"मग म्हण."

तिनं डोळे पुसले, खुर्चीत ताठ बसली आणि भर कार्यालयात, खणखणीत आवाजात म्हणायला लागली.

"चिरंजीव धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज पोचलं. बेटं लगेच सापडली, मला काय पत्ता सांगतोस. राग नाही. होता तो तू जिना उतरलास तेव्हाच गेला, मीच सांगायला खाली आले नाही. मुलगी तुला आवडली ना, मग मलाही आवडली. तिला माझा होकार कळव आणि लगोलग तारीख धर. आता माझ्यासाठी एक दिवसही थांबू नकोस."

तिकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"पुढे?" तो म्हणाला.